बेपत्ता माणसाच्या घरी जाताना

प्रश्न: समाजकार्याचं शिक्षण संपवून मी नागपूरहून नेपाळच्या बर्दिया जिल्ह्यात एका संस्थेबरोबर काम करायला जातो आहे. माओवादी संघर्षात बेपत्ता झालेल्यांच्या कुटुंबांना मदत करायची आहे. वीस-बावीस वर्षांनंतर शोधायला उरतं तरी काय? सरळ डीएनए चाचण्या का करत नाहीत? आणि खरं सांगायचं तर, "तो आता येणार नाही, सोडून द्या" असं कुणीतरी त्यांना स्पष्ट सांगणं जास्त माणुसकीचं नाही का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे चुकलात तर बाकीचं काम पाण्यात जाईल. नाही, असं सांगायचं नाही. तो मेला हे तुम्हाला ठाऊक नसतं, तुम्हाला तसं वाटत असतं. २००२ साली सैनिकांनी घरातून उचललेला माणूस आज जिवंत असण्याची शक्यता किती, हा हिशेब त्याच्या बायकोने तुमच्या कितीतरी आधी मांडलेला आहे, आणि पुन्हा पुन्हा मांडलेला आहे. तुमच्या अंदाजाची तिला गरज नाही. कोणी नेलं, कुठे ठेवलं, शेवटी काय केलं आणि काही उरलं असेल तर ते कुठे आहे, हे तिला हवं आहे. यातलं काहीच हातात न देता "सोडून द्या" म्हणणारा माणूस तिच्या लेखी कचेरीतल्या साहेबाइतकाच परका.

याच्या उलटही तितकंच वाईट. "मिळेल, धीर धरा" हे वाक्य नवीन कार्यकर्त्यांच्या तोंडून फार सहज निघतं. समोरचं माणूस रडत असतं, आपल्याला काहीतरी द्यावंसं वाटतं आणि हातात दुसरं काही नसतं. पण तिथे त्या वाक्याची नोंद होते. पुढची दहा वर्षं "त्या भारतातून आलेल्या भाऊंनी सांगितलं होतं" म्हणून ते त्या घरात राहतं. मग बोलायचं काय? ज्याला कागदाचा किंवा साक्षीचा आधार आहे तेवढं, आणि तो आधार किती पक्का आहे हेही. "अजून काही कळलेलं नाही" हेसुद्धा उत्तर आहे. फक्त ते स्वतः जाऊन, ठरलेल्या दिवशी द्यावं लागतं.

आता तुम्ही जिथे चालला आहात त्या जागेबद्दल. नेपाळमधला माओवादी बंडखोर आणि सरकार यांच्यातला संघर्ष फेब्रुवारी १९९६ मध्ये सुरू झाला आणि २१ नोव्हेंबर २००६च्या शांतता कराराने संपला. मेलेल्यांचा आकडा १७,००० च्या आसपास सांगितला जातो. बेपत्ता किती, हे कुणाची यादी धरता त्यावर आहे. रेडक्रॉसच्या यादीत सुमारे १,३०० नावं उरली आहेत, तर सरकारी आयोगाकडे चौकशीला टिकलेल्या तक्रारी अडीच हजारांच्या घरात आहेत. या फरकाने बिचकू नका. प्रत्येक यादी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असते, आणि कुठलीच यादी खोटी ठरत नाही.

बर्दियातून बेपत्ता झालेले लोक बाकी कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त. नोव्हेंबर २००१ मध्ये आणीबाणी लागली, सैन्य रस्त्यावर आलं, आणि पुढच्या वर्ष-सव्वा वर्षात तिथल्या थारू या आदिवासी समाजाच्या वस्त्यांतून माणसं नाहीशी होत गेली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने डिसेंबर २००८ मध्ये या एकाच जिल्ह्यावर स्वतंत्र अहवाल काढला. जाण्याआधी तो वाचाच. बहुतेकांना सुरक्षा दलांनी नेलं होतं, पण माओवाद्यांनी नेलेलेही आहेत. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की दोन्ही प्रकारची कुटुंबं एकाच गावात राहतात. तुम्ही एका घरी चहा प्यायलात आणि दुसऱ्या घरी गेला नाहीत, तर संध्याकाळपर्यंत तुम्ही एका बाजूचे झालेले असता.

करारात एक कलम होतं: दोन्ही बाजूंनी साठ दिवसांच्या आत बेपत्ता आणि मारल्या गेलेल्यांची नावं व माहिती जाहीर करायची. २००७ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोग नेमायला सांगितलं. त्यासाठीचा कायदा २०१४ मध्ये झाला, आयोग २०१५ मध्ये बसला आणि त्या कायद्यात दुरुस्ती व्हायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. साठ दिवसांचा हा हिशेब तिथल्या प्रत्येक आईला पाठ आहे. "सरकारी काम आहे, वेळ लागतो" असं तिला समजावायला जाऊ नका.

शोध फावड्याने सुरू होत नाही, कागदाने सुरू होतो. पहिलं काम यादी नीट करण्याचं, आणि ते वाटतं त्यापेक्षा फार किचकट आहे. बर्दियातले बहुतेक थारू आडनाव चौधरी किंवा थारू लावतात. एकाच नावाची तीन माणसं शेजारशेजारच्या गावांत असतात. म्हणून नेपाळच्या कागदपत्रांत तीन पुस्ते विचारतात, म्हणजे बाप आणि आजा यांची नावं. ती घेतल्याशिवाय नोंद पुरी धरू नका. तारखांचं त्याहून अवघड. तिथे विक्रम संवत चालतो. आपलं २००२ साल म्हणजे त्यांच्या २०५८ चा शेवट आणि २०५९ ची सुरुवात. वर्ष एप्रिलच्या मध्यात बदलतं, त्यामुळे घाईत इंग्रजी तारीख काढणारा हमखास एक वर्ष चुकतो. मग छावणीच्या नोंदवहीतली किंवा सुटून आलेल्या कैद्याच्या जबानीतली तारीख तुमच्या तारखेशी जुळत नाही आणि एकाच माणसाच्या दोन फायली वेगवेगळ्या कपाटांत पडून राहतात. कुटुंबाने जी तारीख जशी सांगितली तशीच आधी लिहा, रूपांतर शेजारी वेगळं लिहा. तारीख आठवत नसेल तर सण आणि शेत विचारा. माघीच्या, म्हणजे थारूंच्या संक्रांतीच्या, आधी की नंतर? दसैं, म्हणजे तिथला दसरा, झाला होता का? धान कापून झालं होतं की उभं होतं? याची उत्तरं लोक पटकन देतात.

मात्र हे सगळं विचारण्याआधी कृपा करून जुन्या फायली वाचा. या घरांनी ती रात्र आजवर कितीदा सांगितली असेल! पोलिसांना, रेडक्रॉसला, मानवाधिकार आयोगाला, इन्सेक या नेपाळी मानवाधिकार संस्थेच्या प्रतिनिधीला, बेपत्ता आयोगाला, मग एखाद्या परदेशी विद्यापीठाच्या संशोधकाला. प्रत्येकाचा फॉर्म नवा असतो, प्रत्येक जण पहिल्यापासून विचारतो, आणि बहुतेक जण परत येत नाहीत. माझ्या मते या कामातला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा अन्याय हा आहे. आधीच्या नोंदी मिळवा, जिथे माहिती अपुरी किंवा विसंगत आहे तेवढंच विचारा आणि का विचारता आहात ते सांगा. "सगळं पुन्हा सांगा" हा प्रश्न तुमच्या आळसाचा पुरावा असतो.

बसताना कोण बोलतंय याकडे लक्ष द्या. सासरा किंवा दीर बोलत असेल तोवर बायको बहुधा गप्प बसते, आणि शेवटचे कपडे, दुखणारी दाढ, पायाचं पूर्वी मोडलेलं हाड हे तर तिलाच माहीत असतं. तिला वेगळं भेटायला शक्यतो बाईने जावं. तुम्ही पुरुष आहात, तेव्हा सोबत स्थानिक सहकारी न्या. थारू बोलणारी असेल तर उत्तम, कारण म्हाताऱ्या बायका नेपाळीत बोलताना निम्मं गाळतात. वयाने मोठ्या बाईला आमा, बरोबरीच्या बाईला दिदी म्हणा. फॉर्म लगेच बाहेर काढू नका. पहिली भेट विनाफॉर्मची झाली तरी चालतं.

विचारायचं काय, हे पुस्तकात मिळेल, पण काही गोष्टी पुस्तकात नसतात. उंची फुटा-इंचात विचारली तर उत्तर मिळत नाही, किंवा खोटं मिळतं. अंगणात उभ्या असलेल्यांपैकी कुणाएवढा होता ते विचारा आणि त्या माणसाची उंची मोजा. फोटो मागताना नागरिकतेच्या कागदावरचा चेहरा पुरत नाही, हसतानाचा फोटो शोधा. लग्नातला, जत्रेतला, मित्रांच्या घोळक्यातला, कसाही. पुढच्या दातांमधली फट, एकावर एक चढलेला दात, तुटलेला कोपरा हे वर्षानुवर्षं मातीत राहूनही ओळखता येतं. गावात दंतवैद्याची फाइल कुठून असणार? तो फोटो हीच फाइल. झाडावरून पडला होता का, बैलाने मारलं होतं का, हाड कुणी बसवलं होतं, डावा की उजवा हात. प्रत्येक उत्तराशेजारी लिहा: स्वतः पाहिलं, की ऐकलं, आणि ऐकलं तर कुणाकडून. "छावणीत पाहिलं" असं दहा जण सांगतात. त्यांतल्या नऊ जणांनी ते एकाच माणसाकडून ऐकलेलं असतं. तो एक माणूस कोण, हे कळलं तर खरा धागा हाती लागला.

फोटो आणि मूळ कागद घरातून नेऊ नका. तिथेच मोबाइलवर काढा, तिथेच परत द्या. कित्येक घरांतला एकुलता एक फोटो असाच कुणाच्या तरी फाइलमध्ये गेला.

आता डीएनए. ज्या देशात हे तंत्र मोठ्या प्रमाणावर यशस्वी झालं त्या बोस्नियाकडे पाहिलं म्हणजे नेपाळमध्ये ते का अडलं हे आपोआप कळतं. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा पडलं तेव्हा सुमारे ८,००० पुरुष आणि मुलगे मारले गेले आणि सामूहिक खड्ड्यांत पुरले गेले. काही आठवड्यांनी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पुरावा लपवायला तेच खड्डे यंत्रांनी उकरून प्रेतं ट्रकांतून दूरच्या नव्या खड्ड्यांत नेऊन टाकली. कुजत चाललेली शरीरं जेसीबीच्या दातांनी फाटली. एकाच माणसाची हाडं दोन, तीन, कधी चार ठिकाणी सापडली. कपड्यांवरून ओळख पटवायची तर अडचण अशी की वेढ्यातल्या त्या गावात मदतीचे सारखेच कपडे अनेकांच्या अंगावर होते. रेडक्रॉसने सापडलेल्या वस्तूंच्या फोटोंची जाडजूड पुस्तकं छापली, बायका ती पानं उलटत बसायच्या. एखादीला स्वतः घातलेला रफू ओळखू यायचा. पण रफू हा दुवा झाला, पुरावा नव्हे. स्वेटर दुसऱ्याला दिला गेला असेल तर?

१९९६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बेपत्ता व्यक्ती आयोगाने मग उलटा मार्ग धरला. हा कुणाचा देह असेल असा अंदाज बांधून चाचणी करण्याऐवजी सगळ्या कुटुंबांचं रक्त गोळा करायचं, सगळ्या हाडांचा डीएनए काढायचा आणि संगणकाला जुळवू द्यायचं. देशोदेशी पांगलेल्या बोस्नियन नातेवाइकांचे थेंबभर रक्ताचे नमुने घेतले. नोव्हेंबर २००१ मध्ये पहिली जुळणी झाली, एका मुलाची. खात्री ९९.९५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय अहवाल द्यायचा नाही असा त्यांचा दंडक. आज स्रेब्रेनित्साच्या बेपत्तांपैकी सात हजारांच्या आसपास लोकांची ओळख पटली आहे. दर ११ जुलैला स्रेब्रेनित्साजवळच्या पोटोचारीच्या स्मशानभूमीत त्या वर्षी ओळख पटलेल्यांना पुरतात.

पण डीएनए जुळला म्हणजे काम संपलं असं तिथेही झालं नाही. आईला फोन जातो: मुलगा सापडला आहे, सध्या मांडीचं एक हाड आणि बरगड्या आहेत. आत्ता पुरायचं, की बाकीचं सापडेपर्यंत थांबायचं? आत्ता पुरलं आणि दोन वर्षांनी दुसऱ्या खड्ड्यात हात सापडला तर कबर पुन्हा उघडायची का? हे निर्णय कुटुंबाचेच. सोबत बसून सगळे पर्याय सांगायचे आणि घाई करायची नाही, एवढंच आपलं काम. काही आया वर्षानुवर्षं थांबल्या. कुणी त्यांना चूक म्हणालं नाही.

बोस्नियात हे होऊ शकलं कारण खड्डे कुठे आहेत हे कळण्याचे मार्ग होते: आकाशातून घेतलेली छायाचित्रं, हेगच्या न्यायाधिकरणाने चालवलेला तपास, कबुलीजबाब देणारे आरोपी, परदेशी सैन्याचा बंदोबस्त आणि भरपूर पैसा. नेपाळमध्ये ज्यांनी पुरलं ते बोलत नाहीत. काही निवृत्त झाले, काही बढत्या घेऊन गेले, माओवाद्यांतले काही मंत्री झाले. डीएनए ही तुलना आहे. एका बाजूला नातेवाइकाचं रक्त आणि दुसऱ्या बाजूला हाड लागतं. दुसरी बाजूच नसेल तर प्रयोगशाळा काय करणार? आणि तराईची, म्हणजे बर्दियासारख्या दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्याची, उष्ण, पावसाळी माती हाडातला डीएनए फार दयेने जपत नाही. नेपाळमध्ये जमलंच नाही असं मात्र नाही. धनुषा जिल्ह्यातल्या गोदार इथे कमला नदीकाठी २००३ मध्ये मारलेल्या पाच तरुणांचे अवशेष २०१० आणि २०११ मध्ये मानवाधिकार आयोगाने फिनलंडच्या तज्ज्ञांच्या मदतीने उकरले आणि डीएनएवरून ओळख पटली. एका वडिलांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला नसता तर तो किनारा आजही नुसता किनारा राहिला असता.

मग आज नमुने घ्यायचे की नाही? घ्यायचे, कारण आया-बाप मरत चालले आहेत. मात्र कुणाचा नमुना चालतो हे घरच्यांना नीट सांगा. आई आणि वडील दोघं असतील तर सर्वांत चांगलं, नाहीतर मुलं, सख्खे भाऊबहीण. बायकोचं रक्त नवऱ्याशी जुळत नाही. मुलाच्या नमुन्याबरोबर ते उपयोगी पडतं, एवढंच. ही साधी गोष्ट न सांगितल्याने कित्येक बायका "माझं रक्त घेतलं नाही, मला मोजतच नाहीत" म्हणून दुखावतात. आणखी एक नाजूक बाब: नमुन्यांतून घरातली गुपितंही बाहेर येतात, बाप वेगळा निघू शकतो. संमती घेताना हे आधी बोला आणि माहिती कुणापर्यंत जाईल ते लेखी द्या. ही सोय तुमच्या संस्थेकडे नसेल तर नमुने घेऊच नका.

आई-बाप गेल्यावर काय होतं ते भारतीय वाचकाला मोसुलवरून कळेल. जून २०१४ मध्ये इराकमधल्या मोसुल शहरातून आयसिस या दहशतवादी संघटनेने ४० भारतीय कामगारांना पळवलं. एक निसटला, त्याने बाकी सगळे मारले गेल्याचं सांगितलं, पण पुरावा नव्हता. मोसुल मुक्त झाल्यावर बादूशच्या टेकाडाखाली सामूहिक थडगं सापडलं. आत लांब केस, हातातली कडी आणि इराकी नसलेले बूट होते. पंजाब, हिमाचल, बिहार, बंगालमधून नातेवाइकांचे नमुने गेले आणि ३८ जुळले. एकोणचाळिसाव्याचे आई-वडील हयात नव्हते. दूरच्या नात्यावरून सत्तर टक्क्यांपर्यंतच जुळणी झाली, आणि त्या घराला आणखी थांबावं लागलं.

त्या प्रकरणातला दुसरा धडा डीएनएच्या पलीकडचा आहे. २० मार्च २०१८ रोजी परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत मृत्यूची घोषणा केली. आधी सभागृहाला सांगणं हे संसदीय कर्तव्य, अशी त्यांची बाजू होती. पण अनेक घरांना आपला माणूस गेल्याचं टीव्हीवरून कळलं. माझं मत विचाराल तर कुठलाही शिष्टाचार, कुठलीही पत्रकार परिषद कुटुंबाच्या आधी येत नाही. बातमी घरी जाऊन द्यायची. दोघांनी जायचं, नातेवाईक आधीच बोलावून ठेवायचे, अहवालातलं प्रत्येक वाक्य समजेल अशा भाषेत सांगायचं, प्रश्न येईपर्यंत गप्प बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं, कारण पहिल्या दिवशी काही ऐकूच गेलेलं नसतं.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत पण तुमचे सत्तर टक्के दिवस ज्यात जातील, ते. माणूस बेपत्ता झाला की घरातले कागद थांबतात. जमीन त्याच्या नावावर असते, विकता येत नाही, त्यावर कर्ज निघत नाही, नावावर करून घ्यायची तर मृत्यूचा दाखला लागतो. नेपाळच्या कायद्यात माणूस मेला असं धरायला साधारण बारा वर्षं बेपत्ता असावा लागतो. आपल्याकडे सात. मुलं मोठी झाली की नागरिकतेचा दाखला काढायला बापाचे कागद मागतात, आणि दाखला नसेल तर नोकरी नाही, परवाना नाही, आखातात जायला पासपोर्ट नाही. मग वैतागून एखादी बाई नवऱ्याच्या मृत्यूच्या कागदावर अंगठा उठवते आणि गावभर बोललं जातं की पैशासाठी नवऱ्याला मारलं. सरकारने अंतरिम मदत म्हणून आधी एक लाख आणि पुढे टप्प्याटप्प्याने एकूण दहा लाख नेपाळी रुपये दिले. ते घेतानाही पुष्कळ घरांत भांडणं झाली. हे पैसे म्हणजे माणसाची किंमत का? घेतले म्हणजे शोध बंद का?

इथे तुम्ही ठाम राहायचं. जगण्याची मदत आणि शोध यांची एकमेकांशी अट बांधू द्यायची नाही. श्रीलंकेने "मृत्यूचा दाखला" न मागता "अनुपस्थितीचा दाखला" देण्याची सोय केली आहे, म्हणजे माणूस बेपत्ता आहे हेच सरकार लिहून देतं आणि तेवढ्यावर मालमत्तेची, मुलांच्या कागदांची कामं चालतात. तिथल्याही कुटुंबांना त्याच्या अंमलाबद्दल तक्रारी आहेत, पण तत्त्व बरोबर आहे. तुम्ही कुठलाही अर्ज भरून द्याल त्यात "मृत" या चौकटीवर खूण करायच्या आधी त्या बाईला विचारा, आणि "बेपत्ता" अशी चौकट नसेल तर हाताने लिहा, शिक्का मारून घ्या, पोच घ्या.

घरातल्या चालीरीतींतही बोट घालू नका. कुंकू-मंगळसूत्राचा प्रश्न आपल्याला नवा नाही. तिथे सिंदूर, लाल बांगड्या आणि पोते, म्हणजे गळ्यातली मण्यांची माळ. नवरा बेपत्ता असताना ते ठेवलं तर काही जण नावं ठेवतात, काढलं तर सासू म्हणते तूच त्याला मारलंस. पहाडी हिंदू घरांत कुश गवताचा पुतळा करून दहन करायचा दबाव येतो. आपल्याकडेही देह न मिळालेल्या माणसाचा पालाशविधी करतात, तेव्हा ही कल्पना तुम्हाला ओळखीची वाटेल आणि "करून टाका, मन मोकळं होईल" असं सुचवायचा मोह होईल. सुचवू नका. काही घरांना त्याने खरंच बरं वाटतं, काही घरं त्यावरून कायमची फुटतात. कोणतं घर कोणत्या प्रकारचं हे बाहेरच्याला आधी कळत नाही. त्यापेक्षा अशा बायकांचा गट जमवा, महिन्यातून एकदा एकत्र बसू द्या. सिंदूराबद्दल त्या एकमेकींना जे सांगतील ते तुम्ही किंवा मी सांगू शकत नाही.

हे फक्त गरीब, अडाणी घरांचं दुखणं आहे असं वाटत असेल तर १९७१ कडे पाहा. हवाई दलातले फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचं विमान त्या डिसेंबरात पाकिस्तानात पडलं. तिथल्या वर्तमानपत्रात पकडलेल्या वैमानिकांमध्ये त्यांच्या नावाशी जुळणारं नाव छापून आलं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, दिल्लीत वावरणाऱ्या, सरकारदरबारी ओळख असलेल्या. भारताच्या यादीत अशी ५४ नावं आहेत. पाकिस्तान म्हणतं, आमच्याकडे कुणी नाही. १९८३ आणि २००७ मध्ये नातेवाईक तिथल्या तुरुंगांत जाऊन आले आणि रिकाम्या हाती परतले. दोन देशांतलं युद्ध असल्याने तिथे निदान जिनिव्हा कराराचा आधार होता: पकडलेल्या सैनिकाचं कार्ड भरून घरी कळवायचं, रेडक्रॉसला भेटू द्यायचं. नोंद झाली तर माणूस गायब करणं अवघड होतं. म्हणून तर गायब करायचं असतं तेव्हा आधी नोंदच टाळतात. बर्दियातल्या शेतमजुराचं असं कार्ड कुणी भरलं नव्हतं. त्याची नोंद म्हणजे तुमची फाइल.

अफवा आणि दलाल यांबद्दल थोडक्यात. "तो मुंबईत हॉटेलात कामाला आहे", "दिल्लीत वॉचमन आहे" अशा खबरा तिथे येत राहतात, कारण पश्चिम नेपाळातली पुष्कळ तरुण पोरं खरंच भारतात कामाला असतात. खबर हसण्यावारी नेऊ नका, तपासा आणि निकाल कळवा. कुणी माहितीसाठी पैसे मागत असेल तर कुटुंबाला सरळ सावध करा, या एका बाबतीत मवाळपणा नको. गावात कुणाला हाडं सापडली तर उकरू देऊ नका. जागेचा फोटो, खुणा, तारीख, आणि कळवायचं मानवाधिकार आयोगाला. घाईने पोत्यात भरलेली हाडं कुणाचीच उरत नाहीत.

साक्ष देणाऱ्यालाही जपा. वीस वर्षांपूर्वी छावणीत काम करणारा एखादा स्वयंपाकी आज तुमच्याशी बोलेल तो त्याचं नाव फुटणार नाही या भरवशावर. तुमची संस्था खटल्यासाठी पुरावा गोळा करते की फक्त कुटुंबाला उत्तर मिळावं म्हणून माहिती गोळा करते, हे पहिल्या दिवशी विचारून घ्या. दोन्ही कामं योग्य आहेत, पण एकाच वहीत दोन्ही करता येत नाहीत, आणि साक्षीदाराला कोणत्या वहीत लिहिता आहात हे कळलं पाहिजे.

शेवटी तुमच्याबद्दल. सहा महिन्यांत परत यायचा विचार असेल तर मुलाखती घ्यायचं काम स्वीकारू नका, कार्यालयात याद्या जुळवायचं घ्या. त्याचीही प्रचंड गरज आहे, आणि त्यात कुणाच्या अंगणात जाऊन तुटणारं नातं जोडावं लागत नाही. दोन वर्षं राहणार असाल तर थारू शिकायला लागा. आणि जेव्हा कधी निघाल तेव्हा प्रत्येक घरी नव्या कार्यकर्त्याला घेऊन जा, त्याच्या हातात फाइल द्या, पुढच्या भेटीची तारीख, विक्रम संवतातली, त्या घरच्यांसमोर फाइलच्या पहिल्या पानावर लिहा.